मनोहर वगळून पोर्टो

नेपरव्हिलच्या ज्येष्ठ कट्ट्याचा एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. प्रवास करून आलेल्या माणसाने पुढच्या दुसऱ्या शनिवारी कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये वीस स्लाइड्स दाखवायच्या, मग प्रश्नोत्तरं, मग जेवण. आजवर यातून कुणी सुटलं नव्हतं. प्रताप गुडघा बदलून घ्यायला मुलाकडे क्लीव्हलँडला जाऊन आले, तर त्यांनीही वीस स्लाइड्स दाखवल्या. त्यातले अकरा एक्स-रे होते.

त्यामुळे शैला पोर्तुगालमधल्या पोर्टो शहरात दहा दिवस राहून आली म्हटल्यावर कट्ट्याची अध्यक्ष प्रीता हिने तिला विचारलंसुद्धा नाही. सरळ ग्रुपवर टाकलं, ‘शनिवार दुपारी दोन. शैलाचं पोर्टो. नीलांबरीने मसालेभात आणावा.’

अडचण अशी होती की शैलाच्या पोर्टोत मनोहर होता.

मनोहर म्हणजे कट्ट्याचाच मनोहर. अडुसष्ट वर्षांचा, मूळचा नागपूरचा, रिटायर्ड इंजिनियर, वीस वर्षांपूर्वी घटस्फोट झालेला, कट्ट्याचा लॅपटॉप आणि प्रोजेक्टर सांभाळणारा. शैला चौसष्टची, नवरा जाऊन सात वर्षं झालेली. दोन वर्षांमागे बर्फ वितळताना तिच्या बेसमेंटमध्ये घोट्याइतकं पाणी शिरलं, तेव्हा पाणी उपसणारा संप पंप बदलायला प्रीतानेच मनोहरला तिच्याकडे धाडलं होतं. पंप दोन तासांत बसला. मनोहर मात्र पंप नीट चालतोय ना ते बघायला येतच राहिला, पाऊस असो वा नसो. लोकांच्या प्रेमाला चांदणं वगैरे लागतं, यांचं सांडपाण्याच्या खड्ड्यावर भागलं.

आता दोघांनी ठरवलं होतं की उरलेले दिवस पोर्टोत काढायचे. लग्न करायचं नाही, हेही ठरलं होतं. जन्माचं बिऱ्हाड हलवायचं तर गाव आधी डोळ्यांनी पाहून यावं, म्हणून हे दहा दिवस. शैलाने कट्ट्यावर सांगितलं, सीनियर लोकांची टूर आहे. मनोहरने सांगितलं, सॅन होजेला भावाकडे चाललोय. विमानतळावर दोघं वेगवेगळ्या टॅक्सीने गेले आणि सिक्युरिटीच्या रांगेत एकमेकांना ‘एक्सक्यूज मी’ म्हणाले. या वयात असली चोरटी कामं करताना शैलाला भारी मजा आली. मनोहरला अजिबात आली नाही.

शुक्रवारी सकाळी शैला लॅपटॉपवर फोटोंतून मनोहरला कापत बसली होती. तो पंप बघायला आला होता, म्हणजे चहा प्यायला.

“हा माझा हात आहे,” तो स्क्रीनकडे बघून म्हणाला.

“कापते.”

“आणि हे पोट.”

“ते कापलं तर मासळीच जातेय फोटोतून. राहू दे. टूरमधल्या कुणाचं तरी आहे म्हणेन.”

मनोहरने कप खाली ठेवला. “शैला, ऐक. मी काही तस्करीचा माल नाही. दोन वर्षं झाली, चारचौघांत तुला ताई म्हणतोय. शैलाताई, माइक धरा. शैलाताई, पुढची स्लाइड घेऊ का. लाज वाटते यार. उद्या तू तिथे सगळ्यांना सांगायचं. नाही सांगितलंस तर मंगळवारची व्हिसाची अपॉइंटमेंट मी कॅन्सल करतो. मग तू एकटी जा आणि पोर्टोचे ते चढ एकटी चढ.”

“मग तूच सांग की.”

“मी सांगितलं तर म्हणतील, गरीब विधवेला नादी लावलं.”

“आणि मी सांगितलं तर म्हणतील, विधवा नादी लागली.”

“ते निदान खरं तरी आहे,” मनोहर अगदी गंभीरपणे म्हणाला आणि चहा तसाच टाकून निघून गेला.

तो चहा टाकून गेला म्हणजे प्रकरण गंभीर होतं. शैला स्लाइड्ससमोर बसून राहिली. मुलीची भीती नव्हती. रुही ॲन आर्बरला युनिव्हर्सिटीत रिसर्च करायची. तिला फोनवर सांगितलं, तेव्हा बसमागे धावता धावता ती म्हणाली होती, “मॉम, दॅट्स ग्रेट! पण त्याचं स्वतःचं हेल्थ इन्शुरन्स आहे ना?” एवढ्यावर तो विषय संपला. पोरं केव्हाच सुधारली होती. भीती होती ती प्रीताची.

प्रीता वाईट असती तर सोपं होतं. पण प्रीता चांगली होती, नको इतकी चांगली. शैलाचा नवरा गेला तेव्हा तेरा दिवस दोन्ही वेळचा डबा तिच्या घरून आला. त्यानंतर सात वर्षं रोज सकाळी साडेआठला तिचा फोन यायचा. कार्यक्रमात शैलाची खुर्ची आपल्या शेजारी, नवीन कुणी आलं की शैलाची ओळख आपण करून देणार, “ही आमची शैला, बिचारीचे मिस्टर अचानक गेले हो.” मग ते नवीन माणूस मान वाकडी करून शैलाकडे बघायचं आणि शैलाही सवयीने बिचारा चेहरा करायची. एवढे उपकार करणाऱ्या बाईला सांगायचं कसं, की बाई गं, गेली दोन वर्षं मी मजेत आहे?

शनिवारी हॉलमध्ये पस्तीस माणसं होती. बाहेर बर्फ पडून गेलेला, त्यामुळे दाराशी ओल्या बुटांचा ढीग. मागच्या टेबलावर मसालेभात, काकडीची कोशिंबीर आणि कुणीतरी मुद्दाम गोड नसलेला म्हणून आणलेला शिरा. प्रीताने घंटी वाजवली. मनोहर लॅपटॉपशी बसला होता, शैलाकडे न बघता.

“शैलाताई, सुरू करू का?” तो म्हणाला. त्या ‘ताई’ला अशी धार होती की शैलाचा हात माइकवर घसरला.

पहिली स्लाइड नदीची. दुसरी पुलाची. शैला सांगू लागली, गाव कसं डोंगरउतारावर आहे, घरांच्या भिंतींना बाहेरूनच निळ्या-पांढऱ्या फरशा कशा लावल्या आहेत. खरं म्हणजे पहिले दोन दिवस तिला ते गाव मुळीच आवडलं नव्हतं. सपाट रस्ता म्हणून औषधालाही नाही. कोपऱ्यावरचं दुकान म्हणजे साठ पायऱ्या खाली, आणि दूध घेऊन परत साठ पायऱ्या वर. हे गाव माणसांनी बांधलंय की शेळ्यांनी, असं तिने पहिल्याच दिवशी मनोहरला विचारलं होतं. पाऊस थांबेना, भाड्याच्या घरात हीटर नाही, गादीला ओलसर वास, बाथरूममध्ये शिरायचं तर पोट आत घेऊन. पहाटे समुद्रपक्षी असे कोकलायचे की शेजारी कुणीतरी गेलंय असं वाटावं. फरशा सुंदर होत्या हे कबूल, पण निम्म्या पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. “यापेक्षा नेपरव्हिलचा बर्फ परवडला, निदान तो सपाट पडतो,” असं म्हणून ती स्वेटर घालून झोपली होती.

आणि मग तिसरा दिवस. तो सातव्या स्लाइडवर होता.

“ही मंडई,” शैला म्हणाली. स्क्रीनवर बर्फावर मांडलेले बांगडे, तारल्या, आणि उजवीकडून घुसलेलं एक पोट.

“हे कोण?” प्रतापनी लगेच विचारलं. प्रताप कधी काही सोडत नाहीत.

“टूरमधले एक गृहस्थ,” शैला म्हणाली. लॅपटॉपमागून घसा खाकरल्याचा आवाज आला.

त्या मंडईत झालं होतं ते असं. शैला बांगड्याचे कल्ले उचलून बघत होती. मनोहरला माशातलं ओ की ठो कळत नाही, तरी तो शेपटीकडून मासा दाबून मत देत होता. दोघं मराठीत हमरीतुमरीवर आले. तेवढ्यात रबरी एप्रन बांधलेली विक्रेती, असेल साठीची, टेबलामागून बाहेर आली. तिने मनोहरच्या हातातला मासा काढून घेतला, त्याच्या पोटावर बोट ठेवून त्याला काहीतरी खरमरीत सुनावलं आणि मासा शैलाच्या हातात दिला. शैला विजयी मुद्रेने हसली, तर बाई तिच्याकडे वळली आणि तिलाही झापलं. कल्ले असे उपटतात का, डोळे आहेत की नाहीत, असंच काहीतरी असणार. शब्द एकही कळला नाही, पण सूर कळायला भाषा लागत नाही. त्या बाईच्या दृष्टीने ते चाळीस वर्षं संसार केलेलं, एकमेकांना विटलेलं, बावळट जोडपं होतं, आणि त्यांच्यामुळे तिचं गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

मनोहर सोडला तर सात वर्षांत शैलावर कुणी ओरडलं नव्हतं. बाजारात उभ्याउभ्या तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सुखाचं होतं. त्याच क्षणी तिला गाव आवडलं. पायऱ्यांसकट, वासासकट.

पण हे सगळं मनोहर वगळून सांगायचं म्हणजे काय उरलं? “मासेवाली मला जरा रागावली,” एवढंच ती म्हणाली. कट्ट्याने च् च् केलं. आपलीच गोष्ट आपल्याच तोंडून अशी मेलेली ऐकून शैला चरकली, आणि ती भरून काढायला गावाची स्तुती करत सुटली. हवा म्हणजे काय हवा! डॉक्टर म्हणजे देवमाणसं! फळं ताजी, माणसं प्रेमळ, बस अगदी दारात. “आणि कोथिंबीर,” ती म्हणाली, “ढीगच्या ढीग. ते लोक आपल्यासारखीच सगळ्यात घालतात.”

हॉलमध्ये खळबळ उडाली. युरोपात कोथिंबीर मिळते ही बातमी या मंडळींना नोकरीतल्या कुठल्याही प्रमोशनपेक्षा मोठी होती.

“बांगडा ताजा असतो?” नीलांबरीने विचारलं.

“उड्या मारतो.”

“भाषेचं काय?” कुणीतरी शंका काढली.

“त्यात काय आहे?” प्रताप उभे राहिले. “बादली, चावी, पगार, पाव, हे सगळे त्यांचेच शब्द. म्हणजे अर्धी भाषा आपल्याला येतेच.”

“बादली, चावी आणि पाव एवढ्यावर म्हातारपण काढणार?” लॅपटॉपमागून मनोहर म्हणाला.

“पगार आहे की,” प्रताप म्हणाले.

प्रीताने घंटी वाजवली. तिच्या डोळ्यांत तेज आलं होतं, आणि हे तेज आलं की कट्टा कुठेतरी हलतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी असंच तेज आलं, तेव्हा बावीस माणसांनी एकाच आठवड्यात एकाच रंगाचे एअर फ्रायर घेतले होते.

“मी काय म्हणते,” प्रीता म्हणाली, “आपण सगळेच तिकडे राहायला का जाऊ नये? इथे बर्फ उपसून कंबरडी मोडली. मुलं येतात वर्षातून दोनदा, ती तिकडे येतील. एकच बिल्डिंग बघू. गणपती बसवू.”

मिनिटभरात ‘चलो पोर्टो’ नावाचा ग्रुप निघाला. पाच मिनिटांत त्यात सतरा माणसं होती. कुणाच्या तरी मिहीर नावाच्या भाच्याला रिअल इस्टेटमधलं कळतं असं निघालं आणि त्याला फोनही गेला. प्रीता पुढे आली. शैलाच्या खांद्यावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाली, “आणि तू काळजी करू नकोस. मी तुझ्या शेजारचंच घर घेते. मधली भिंतच पाडू. तुला एकटं कशी टाकेन?”

शैलाने मनात हिशेब केला. समुद्र ओलांडून जायचं, साठ पायऱ्या चढायच्या, आणि वर भिंत पाडून प्रीता! सकाळी साडेआठला फोनचीसुद्धा गरज नाही.

“अगं, पण तिथे चढ फार आहेत,” ती घाईघाईने म्हणाली. “गुडघ्यांची वाट लागते.”

“माझा नवा आहे,” प्रताप म्हणाले.

“घरात हीटर नसतो. भिंतींना बुरशी येते.”

“स्वेटर घालू.”

“पक्षी पहाटे चारला ओरडतात!”

“आम्ही साडेतीनलाच उठतो,” मागून विनय म्हणाला. नीलांबरीच्या या नवऱ्याला कमी ऐकू येत असे, पण हे बरोबर ऐकू आलं होतं.

शैलाने मनोहरकडे पाहिलं. स्लाइड्स अजून सहा बाकी होत्या, पण त्याने लॅपटॉप बाजूला सारला होता. त्याने शर्टच्या खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एका बोटाने काहीतरी उघडायला लागला. त्याचे ओठ आवळलेले होते. तो काय उघडतोय हे तिला विचारायची गरज नव्हती. तिला एकदम दिसलं, मंगळवार येईल आणि जाईल, पंप नीट चालतोय का हे बघायला कुणी येणार नाही, आणि आपण मरेपर्यंत प्रीताच्या शेजारच्या खुर्चीवर मान वाकडी करून बसू.

“मी तिथे एकटी राहणार नाहीये,” ती माइकमध्ये म्हणाली. आवाज जरा जास्तच मोठा लागला. “मी मनोहरबरोबर राहणार आहे. या मनोहरबरोबर. लग्न न करता. तो टूरवाला गृहस्थही हाच. टूर नव्हतीच.”



“काय म्हणाली?” विनयने विचारलं.

“मनोहरबरोबर राहणार!” नीलांबरी त्याच्या कानात ओरडली. “लग्न न करता!”

“अरे वा,” विनय म्हणाला आणि बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

पस्तीस माना मनोहरकडे वळल्या. खुर्ची रिकामी होती. दोन वर्षं जे व्हावं म्हणून तो तडफडत होता ते झालं होतं, आणि हा शूर माणूस टेबलाखाली होता.

“मनोहर,” शैला म्हणाली, “बाहेर ये.”

“वायर निघालीय,” टेबलाखालून आवाज आला.

“कुठलीही वायर निघालेली नाही.” तिच्या मागे स्क्रीनवर पोर्टोचा पूल लख्ख दिसत होता.

आधी एक हात आला, मग टक्कल, मग सगळा मनोहर. गुडघे कटकन वाजले. चेहरा लालभडक. “खरं आहे,” तो सभेला म्हणाला. “मी सॅन होजेला गेलो नव्हतो. माझं भावाशी पाच वर्षं बोलणंही नाही.” मग माइक चुकवत, पण तरीही सगळ्यांना ऐकू जाईल असं, तो शैलाला म्हणाला, “अपॉइंटमेंट आहे अजून. कॅन्सल करत होतो, पण पासवर्ड आठवेना.”

कुणीतरी हसलं, आणि घाबरून गप्प झालं, कारण प्रीता हसली नव्हती. तिने मनोहरकडे बघितलंसुद्धा नाही. ‘चलो पोर्टो’ ग्रुपमधून माणसं बाहेर पडू लागली होती. हॉलभर फोन एकामागून एक टुणटुणत होते. लग्न न करता राहणाऱ्यांच्या शेजारी गणपती बसवायचा कसा, हा प्रश्न बहुतेकांनी मनातल्या मनात सोडवला होता.

“लग्न का नाही करत?” प्रीताने विचारलं.

“एकदा केलंय. बत्तीस वर्षं. पास झालेय मी, पुन्हा परीक्षेला कशाला बसू?”

“मला का नाही सांगितलंस? मी परकी?” प्रीताचा आवाज फुटला. “सात वर्षं तुला काय कमी केलं मी, शैला?”

“काहीच नाही. तू होतीस म्हणून मी तगले, हे मी कुठेही सांगेन.” शैलाने माइक खाली ठेवला. “पण माझी ओळख करून देताना तू काय म्हणतेस?”

“काय म्हणते? म्हणते, ही आमची शैला...” प्रीता थांबली. तो शब्द तिच्या तोंडात आलेला सगळ्यांना दिसला. “दर वेळी नाही म्हणत मी.”

“दर वेळी म्हणतेस. आणि मीही तसा चेहरा करून उभी राहते, कारण तू एवढं केलंयस. दोन वर्षं मी आनंदात आहे, प्रीता, आणि तुझ्यासमोर तो लपवावा लागतो. चोरासारखा.” शैलाने स्क्रीनकडे हात केला, तरी तिथे आता मासे नव्हते. “तिथल्या त्या मासेवालीला माहीत नव्हतं की मी बिचारी आहे. तिला मी नुसती मूर्ख वाटले. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू तुला.”

 प्रीताने घंटी उचलली आणि न वाजवताच ठेवून दिली. पदर नव्हता म्हणून शालीच्या टोकाने नाक पुसलं. मसालेभात निवत होता, पण कुणी जागचं हललं नाही.

“पंप बघायला त्याला मीच पाठवलं होतं,” ती शेवटी म्हणाली.

“तूच.”

“आणि माझ्या नाकाखाली दोन वर्षं... मी रोज सकाळी फोन करायची, तेव्हा हा तिथेच असायचा?”

“कधी कधी.”

प्रीताचा चेहरा तापत गेला. सात वर्षांत शैलाकडे तिने अशा नजरेने पाहिलं नव्हतं. “नालायक आहेस तू,” ती दात ओठ खाऊन म्हणाली. “पक्की नालायक आहेस, शैला!”

“पुन्हा म्हण,” शैला म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.